हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

जत्रोत्सवाची निमंत्रणपत्रिका घडी उलगडून नीट वाचावी. पहिल्या पानावर देवीचे चित्र असते, आणि ते एवढे ठसठशीत असते की पत्रिका घेणारा आधी हात जोडतो व मग तिथी वाचतो. आतल्या पानांवर नावांची रांग लागलेली असते: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार, कीर्तनकार, त्यांचे साथीदार, नाटकमंडळी, पालखीचे मानकरी, मंडप व रोषणाई पुरवणारे, महाप्रसादाचे दाते. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाईपात का होईना, छापखान्याचेही नाव सापडते. सापडत नाही ते एकच नाव. ज्याच्या हातून देवीचे ते रूप कागदावर उतरले, त्याचे.

हे विस्मरण आहे असे म्हणून आम्ही सोडून देऊ इच्छीत नाही. विस्मरण एखाद्या वर्षी होते. वर्षामागून वर्षे, देवस्थानामागून देवस्थानात, एकाच माणसाच्या बाबतीत ते होत असेल तर त्याला वहिवाट म्हणतात. आणि ती वहिवाट अशी, की चित्र कोठून तरी उतरवून घ्यावे, कोपऱ्यातील सही कापून टाकावी किंवा तिच्यावर देवस्थानाचे चिन्ह बसवावे, आणि कोणी विचारलेच तर ‘देवाच्या कामाला पैसे कसले?’ असे म्हणून मोकळे व्हावे. ह्या पुण्यकर्माला मराठीत फार जुने नाव आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे! दान करणारा एक, घर जाणारा दुसरा, आणि पुण्य मात्र तुळशीपत्रवाल्याच्या खाती. जी देवस्थाने ह्यास अपवाद आहेत त्यांना आमचा नमस्कार असो. पुढील मजकूर त्यांच्यासाठी नाही.

गोमंतकीय समाजाने तरी असे वागू नये, ह्याला कारणे आहेत. ज्या भूमीत देवळे पाडली गेली आणि मूर्ती रातोरात नदीपार न्याव्या लागल्या, त्या भूमीला प्रतिमेचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्यांपैकी काही घराण्यांत आजही चतुर्थीला मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर रेखलेला गणपती पुजला जातो. म्हणजे ज्या कुळाचाराचा आपण अभिमान बाळगतो, त्यातला एक धागा चित्रकाराच्या कुंचल्याला बांधलेला आहे. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावीचे काम पाहावे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा, आणि तो सुकण्यापूर्वी टोकदार हत्याराने खरवडून आतली शुभ्र रेषा मोकळी करावयाची. त्या कामात चुकीला क्षमा नसते. कुंकळ्ळीच्या चितारी मंडळींनी लाखेच्या रंगांनी रंगवलेले पाट आणि चौरंग आपल्या देवघरांत अजून आहेत.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणतील, ‘कावी काढणाऱ्याने भिंतीवर सही केली होती काय? अनामिकपणा हीच आपली परंपरा. नाव छापण्याचा हव्यास पाश्चात्त्यांचा.’ हे म्हणणे ऐकण्यास गोड आहे, परंतु अर्धेच आहे. देवळाच्या सेवेकऱ्यांस जमीन वा उत्पन्नाचा वाटा लावून देण्याची रीत ज्या व्यवस्थेत होती, त्या व्यवस्थेतला तो अनामिकपणा होता. नावाची जागा वतनाने भरून काढली होती, आणि गावात त्या कारागिराला सगळे ओळखतही होते. आजच्या चित्रकाराला आपण वतन देत नाही आणि नावही देत नाही. आणि दोन्ही बुडवून वर परंपरेची साक्ष काढतो. परंपरा पाळावयाची असेल तर पुरी पाळा. वतन देणार नसाल तर नाव द्या व मोल द्या.

देवाचे चित्र घरोघर पोचले तो इतिहासही ध्यानात घ्यावा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी राजा रविवर्म्याने चौदा पौराणिक चित्रे रंगवली. ही चित्रे छापून सामान्य माणसापर्यंत न्यावीत, ही सूचना टी. माधवरावांची, ते एके काळी बडोद्याचे दिवाण होते. १८९४ साली मुंबईस गिरगावात रविवर्मा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यातून लक्ष्मी आणि सरस्वती बाहेर पडल्या, आणि ज्यांस गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर त्या विराजमान झाल्या. छापखान्याचा व्यवहार मात्र रविवर्म्यास झेपला नाही. कर्ज वाढले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. हिंदुस्थानात सर्वांत अधिक पूजिलेल्या चित्रांचा कर्ता त्या चित्रांच्या व्यापारात हरला, हा आमच्या मते ह्या विषयाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक जवळचा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघे मूळचे गोमंतकीय. त्यांची मुखपृष्ठे व दिनदर्शिका ज्या मराठी घरात नव्हत्या ते घर विरळाच. इंदुरास काय आणि बेळगावास काय, मुळगावकरांच्या देवदेवतांनी भिंती उजळलेल्या होत्या. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. म्हणजे चित्रकार स्वतःच प्रकाशक झाला, आणि चित्राखाली त्याची सही ठळक राहिली. सही राहिली म्हणून नाव राहिले, आणि नाव राहिले म्हणून आज त्यांचे गुणगान करता येते. आजच्या चित्रकाराचे गुणगान पन्नास वर्षांनी कोण कशाच्या आधारे करणार?

आता आजचा व्यवहार कसा चालतो तो पाहू. इंग्रजीत जिला इलस्ट्रेशन एजन्सी म्हणतात, तिला आपण चित्रसंस्था म्हणू. तिचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात संस्था ही दलाल असते. पाच-पंचवीस चित्रकार तिच्याशी जोडलेले असतात. ती काम आणते, दर ठरवते, करार लिहिते, वसुली करते, आणि त्याबद्दल आपला हिस्सा घेते. पाश्चात्त्य देशांत हा हिस्सा साधारणतः चौथाईपासून तीस टक्क्यांपर्यंत असतो. चांगली संस्था ह्या हिश्श्याच्या मोबदल्यात चित्रकाराची वकिली करते, आणि अशा संस्थेविषयी आमची काही तक्रार नाही. दुसऱ्या प्रकारात संस्था ही कारखाना असते. पगारी मुले संगणकापुढे बसलेली. एकाने रेषा काढावी, दुसऱ्याने रंग भरावा, तिसऱ्याने मागची प्रभावळ आणि ढग घालावेत. संध्याकाळी किती चित्रे निघाली ह्याची मोजदाद. चित्र कोणाचे असे विचारले तर उत्तर येते, ‘संस्थेचे.’

काम कसे येते पाहा. निरोप येतो: देवीचे चित्र पाहिजे, तेज पाहिजे, परवा पाहिजे. मग कच्चे रेखाटन जाते. ते पसंत पडले की आकृती पक्की होते, अलंकार घातले जातात, रंग चढतो. त्यानंतर दुरुस्त्यांचा मोसम सुरू होतो. मुकुट मोठा करा, चेहरा उजळ करा, साडी गेल्या वर्षीच्या रंगाची नको. समितीत अकरा सभासद असतील तर मुकुटाविषयी बारा मते असतात, आणि ती सगळी एकाच चित्रकाराने एकाच मुकुटात बसवावयाची असतात. करारात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या लिहिलेल्या असल्या तरी तिसरी फेरी मागताना कोणास संकोच वाटत नाही, कारण मागणाऱ्याच्या लेखी ती ‘थोडीशीच’ असते. त्या थोडीशीसाठी एका माणसाची रात्र जाते. आणि अखेरीस चित्र नापसंत ठरले तर रेखाटनाचे पैसे मागणे म्हणजे देवाशी हुज्जत घालणे ठरते.

दिनदर्शिका दिवाळीपूर्वी छापावयाच्या, म्हणून ही सारी धांदल पावसाळ्यात. पैसे मात्र पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात आले तरी नशीब. येथे आम्ही वकील ह्या नात्याने एक गोष्ट सांगून ठेवतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यान्वये नोंदणी झालेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे करारात मुदत काहीही असली तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज चढते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकारास ही नोंदणी करून घेता येते. मोबदला देऊन सेवा घेणारा प्रत्येक जण ह्या कायद्याच्या दृष्टीने खरेदीदार आहे. देवस्थान समिती त्यातून सुटलेली नाही.

करारपत्रांची कथा आणखी निराळी. अशी करारपत्रे आम्ही पुष्कळ वाचली आहेत, आणि त्यांतले एक वाक्य आता आम्हांस पाठ झाले आहे: सर्व हक्क, सर्व जगात, कायमचे, आज ज्ञात असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, संस्थेस दिले. एका पत्रिकेसाठी काढलेले चित्र ह्या एका वाक्याच्या बळावर उदबत्तीच्या पुड्यावर, भिंतीवरील घड्याळावर आणि मोटारीच्या काचेवर जाऊन बसते, आणि चित्रकाराच्या पदरी पत्रिकेचेच पैसे राहतात. लंडनमध्ये १९७३ साली चित्रकारांनी आपला संघ स्थापन केला. चित्र विकावयाचे नसते, त्याचा वापर भाड्याने द्यावयाचा असतो, हे तत्त्व तो संघ आजवर शिकवीत आला आहे: वापर कोणता, प्रदेश कोणता, मुदत किती, त्यावर मोल ठरावे. घर भाड्याने देणाऱ्या आपल्यातल्या कोणत्याही माणसास हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. चित्राची गोष्ट आली की मात्र तोच माणूस भाडे भरून घराची मालकी मागतो.

ह्या व्यवहारातून कोणत्या धर्तीची चित्रे निर्माण होतात, हे पाहिले म्हणजे रोगाचे मूळ सापडते. २०१७ साली फेसबुक कंपनीसाठी बक नावाच्या चित्रसंस्थेने एक धाटणी तयार केली. लांबलचक हातपाय, लहानसे डोके, सपाट रंग, कोणत्याही वंशाची नसलेली निळी-जांभळी कातडी. काही वर्षांत पतपेढी, विमा, दवाखाना, शाळा, सगळ्यांच्या जाहिरातींत हीच माणसे हात पसरून नाचू लागली. ही धाटणी सुंदर होती म्हणून पसरली असे आम्हांस वाटत नाही. तिचे भाग सुटे करता येतात. एकाने काढलेला हात दुसऱ्याच्या धडाला लावता येतो. नियमावली हातात दिली की कोणीही तेच चित्र काढू शकतो. म्हणजे चित्रकार बदलला तरी चित्र बदलत नाही. ज्या मालकाला माणूस केव्हाही बदलता यावा असे वाटते, त्याला ह्याहून सोयीची शैली कोणती?

देवांच्या चित्रांतही निराळ्या वेषात हेच घडत आहे. २०१५ साली कासरगोड जिल्ह्यातील कुंबळे गावच्या करण आचार्य ह्या तरुण चित्रकारांनी गावातील तरुणांच्या ध्वजासाठी भगव्या व काळ्या रंगांत हनुमंताचे उग्र मुख काढले. ते देशभर पसरले, मोटारींच्या मागच्या काचांवर जाऊन बसले, आणि २०१८ साली पंतप्रधानांनी कर्नाटकातील सभेत चित्रकाराची प्रशंसा केली. चित्र एका माणसाच्या विचारातून आले होते, म्हणून त्यात जोर होता. पण ज्यांच्या मोटारींवर ते झळकले त्यांच्यापैकी किती जणांस ते कोणी काढले हे सांगता येईल? आणि त्यानंतर काय झाले? राम, शिव, गणपती, सर्वांच्याच भुवया चढल्या आणि सर्वांचेच दंड व्यायामशाळेतल्यासारखे फुगले. एकाने विचार केला, शंभरांनी नक्कल केली, आणि नक्कल करणाऱ्यांनाच बाजार मिळाला.

आता ह्या नकलेचे यंत्र निघाले आहे. चार शब्द टंकलिखित करावेत, क्षणात देव प्रकट होतो. सोन्याची झळाळी, काचेसारखी त्वचा, सर्व देवतांचा एकच चेहरा. समित्यांना वाटते, चित्रकाराची कटकट मिटली. आम्ही विचारतो, कोणता देव प्रकट झाला? आपली शांतादुर्गा विष्णू आणि शिव ह्यांच्यातला तंटा मिटवणारी आहे. तिच्या दोन हातांत दोन सर्प आहेत आणि मुद्रेवर शांती आहे. यंत्राला ‘दुर्गा’ हा शब्द दिला की सिंहावर बसलेली, शस्त्रे उगारलेली महिषासुरमर्दिनी काढण्याकडेच त्याचा कल असतो, कारण तीच रूपे त्याने सर्वांत अधिक पाहिली आहेत. म्हार्दोळची म्हाळसा चतुर्भुज आहे. त्रिशूळ, खड्ग, मुंडके आणि पात्र ही तिची चिन्हे, आणि ती विष्णूचे मोहिनीरूप म्हणून पूजिली जाते. हे ज्याला ठाऊक असते तो माणूस देवळात जातो, भटजींना विचारतो, आजीला विचारतो आणि मग पेन्सिल उचलतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे; नृत्य जाणल्यावाचून चित्र समजत नाही असे तेथे मार्कंडेय वज्र राजास सांगतो. चित्रकाराकडून शास्त्राने एवढी अपेक्षा केली, आणि आपण देवीचे रूप अशा यंत्राच्या स्वाधीन करतो की ज्याला हाताची बोटे किती हेही कधी कधी मोजता येत नाही.

‘पण ते फुकट आहे ना?’ असे कोणी म्हणेल. ते फुकट नाही. त्याचे मोल दुसऱ्या कोणी तरी भरले आहे. लक्षावधी चित्रकारांची चित्रे त्यांना न विचारता गोळा करून हे यंत्र शिकवले गेले, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतील चित्रकार २०२३ साली न्यायालयात गेले. आपल्याकडे वृत्तसामग्रीच्या संदर्भात असाच वाद २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाला. इंग्लंडमधील लेखकसंघाने २०२४ च्या आरंभी आपल्या सभासदांची पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या चित्रकारांपैकी २६ टक्क्यांनी ह्या यंत्रांमुळे आपले काम गेल्याचे सांगितले. म्हणजे हलवायाचे घर तर गेलेच, आता त्याच्या कढया नेऊन शेजारी फुकट मिठाईचे दुकान उघडले आहे. शिवाय, अशा चित्रावर मालकी कोणाची हाही प्रश्न आहे. आमच्या कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, एवढेच म्हटले आहे. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये असा निर्णय दिला की कर्ता म्हणून केवळ यंत्राचे नाव असेल तर कॉपीराइट मिळत नाही. उद्या तुमच्या देवीचे ते चित्र कोणी मद्याच्या बाटलीवर छापले, तर ते थांबविण्यास तुम्ही कोणत्या हक्काने उभे राहणार, ह्याचा समित्यांनी विचार करावा.

कायद्याचा उल्लेख आलाच आहे, तर तो नीट सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ म्हणते की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. त्यास अपवाद आहेत. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक सामान्यतः नोकरी देणारा. तसेच कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन रंगवलेल्या चित्राचा वा व्यक्तिचित्राचा मालक, उलट करार नसेल तर, सांगणारा. हा अपवाद चित्रकारांस जाचक आहे असे आमचे मत आहे, आणि म्हणूनच लेखी करारावाचून कुंचला उचलू नये. परंतु समित्यांनी ह्याच कलमाची दुसरी बाजू पाहावी. अपवाद लागू होण्यास मोबदला दिलेला असला पाहिजे. स्वतंत्र चित्रकाराकडून चित्र फुकट घेतले असेल तर मालकी चित्रकाराकडेच राहते. ‘सेवा’ म्हणून घेतलेले चित्र तुम्हांस ज्या कामासाठी दिले त्यापलीकडे वापरता येत नाही. फुकटाचा हा असा फटका आहे.

पुढे पाहा. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीचे असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. कलम ५७ तर सर्वांत महत्त्वाचे. सर्व हक्क विकून टाकल्यानंतरही, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची मानहानिकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल ह्यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढून गोदामात टाकले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते शिल्पकारास परत करण्याचा आणि पाच लक्ष रुपये नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला. भारत सरकारला जे कलम लागू पडले ते आपल्या देवस्थानाच्या चिटणिसास लागू पडणार नाही, असे समजू नये. सहीचा कोपरा कापणाऱ्या कात्रीने हे लक्षात ठेवावे.

ह्यावर समित्यांचे ठरलेले उत्तर असते: ‘धार्मिक कार्याला कायद्यात सूट आहे.’ सूट आहे, पण कशाला आहे ते वाचावे. कलम ५२ मधील ती तरतूद खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत साहित्य, नाट्य वा संगीत सादर करण्याविषयी व ध्वनिमुद्रण लावण्याविषयी आहे. चित्राचा त्यात उल्लेख नाही, छपाईचा तर नाहीच. आणि त्या तरतुदीची ओढाताण करू पाहणारे गोवा शासनाचे परिपत्रकही मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केले. कीर्तनात पद गाण्यास मोकळीक आहे, म्हणून दुसऱ्याने काढलेला देव पत्रिकेवर छापण्यास मोकळीक आहे, असा अर्थ कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. हक्कभंगाच्या गुन्ह्यास कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. जेथे व्यापारी लाभ नाही तेथे न्यायालयास शिक्षा कमी करता येते, हे खरे. पण शिक्षा कमी होईल ह्या भरवशावर चालवावयाची ती देवसेवा कसली?

‘देवावर मालकी कोणाची?’ हा प्रश्न भाविक आहे, म्हणून त्याचे उत्तर आदराने देतो. देवावर मालकी कोणाचीच नाही. कोणीही उद्या बसून गणपती काढावा. त्यास कोणी अडवू शकत नाही. हक्क आहे तो एका माणसाने आपल्या श्रमाने काढलेल्या त्या एका चित्रावर. विहिरीचे पाणी सर्वांचे असले तरी पाणक्याच्या खांद्यावरची घागर पाणक्याची असते. आणि ‘देवस्थानाजवळ पैसा नाही’ ह्या सबबीचा निकाल जमाखर्चाच्या वहीतच लागतो. दारूकाम, रोषणाई, नाटकाची बिदागी, ध्वनिक्षेपक ह्या प्रत्येकाचे पैसे आपण देतो, आणि दिलेच पाहिजेत. दारूकाम घटकाभरात विझते. चित्र वर्षभर भिंतीवर राहते. ज्याची आयुर्मर्यादा घटकेची त्याला रोकड, आणि वर्षभर ज्याच्यापुढे निरांजन लावावयाचे त्याला ‘देव तुमचे भले करो’, ही वाटणी कोणत्या धर्मशास्त्रातली?

सेवेला आमचा विरोध नाही. कित्येक चित्रकार आनंदाने देवाचे चित्र अर्पण करतील आणि त्याचा उच्चारही करणार नाहीत. पण सेवा ही देणाऱ्याने द्यावयाची असते, घेणाऱ्याने ठरवावयाची नसते. सक्तीच्या सेवेला जुन्या काळी वेठ म्हणत, आणि वेठीने आणलेले फूल देवाला वाहू नये एवढा विवेक आपल्या पूर्वजांस होता.

आमच्या मागण्या फार नाहीत. देवस्थानांनी चित्राचे काम लेखी द्यावे आणि त्यात वापर, मुदत व दुरुस्तीच्या फेऱ्या स्पष्ट लिहाव्यात. मोबदल्यातील अर्धा भाग रेखाटन पसंत होताच आणि उरलेला ४५ दिवसांच्या आत द्यावा. चित्राखाली चित्रकाराचे नाव छापावे. महाजनांच्या वार्षिक सभेपुढे येणाऱ्या हिशेबात ‘चित्रकार’ असे स्वतंत्र कलम असावे. १९३३ च्या नियमावलीखाली चालणाऱ्या आपल्या देवस्थानांस हिशेबाची शिस्त नवी नाही. ज्या लहान देवस्थानास खरोखरच झेपत नाही, त्याने रविवर्म्याचे मूळ चित्र घ्यावे. तो १९०६ साली निवर्तला. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालणारा हक्क केव्हाच संपला आहे. दलाल १९७१ साली आणि मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणून त्यांच्या स्वतःच्या चित्रांवरील हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ च्या अखेरपर्यंत जिवंत आहेत. जुने दिसते म्हणून ते बेवारस समजू नये.

चित्रसंस्थांनी ‘सर्व हक्क, सर्व जगात, कायमचे’ हे वाक्य करारपत्रांतून काढून टाकावे, आणि चित्रकाराच्या वेगळ्या लेखी संमतीवाचून त्याची चित्रे यंत्राला शिकविण्यासाठी देऊ नयेत. चित्रकारांसही आमचे सांगणे आहे. तोंडी कामे घेऊ नका. नोंदणी करून घ्या. सेवा म्हणून चित्र द्यावयाचे असेल तर तेही पत्र लिहून द्या, म्हणजे तुमच्या भक्तीचा व्यापार दुसऱ्या कोणास करता येणार नाही.

आणि ज्या समितीची पत्रिका येत्या जत्रेसाठी छापखान्यात जाण्याच्या तयारीत असेल, तिने एक दिवस थांबावे. पहिल्या पानावरचे चित्र कोणी काढले हे विचारावे. उत्तर मिळाले तर त्या माणसाची परवानगी घ्यावी, त्याला त्याचे मोल द्यावे व त्याचे नाव छापावे. उत्तर मिळत नसेल तर ते चित्र काढून घ्यावे, आणि त्या जागी देवीचे नुसते नाव घालावे. नावाने तिचा महिमा उणा होत नाही. चोरीच्या चित्राने आपला होतो.